‘अटळ’ होते, असे कोणी ठरवले? १९१६ चा न झालेला तह

१/
पहिल्या महायुद्धाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक विधान हमखास असते: एकदा भडका उडाल्यावर १९१८ पर्यंत तो विझणे शक्यच नव्हते. साराजेव्होतील खून, आघाड्यांची साखळी, खंदक, अमेरिका, व्हर्साय. जणू आगगाडी रुळांवरून निघाली आणि ठरल्या स्थानकावर ठरल्या वेळी पोहोचली. हा धागा त्या विधानाविरुद्ध आहे.

२/
जर-तरच्या इतिहासाची हौस असलेल्यांचा एक पंथ याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्यांच्या नकाशात १९१६ च्या नाताळात सगळे एकदम शहाणे होतात, सीमा १९१४ च्या जागी परत जातात, लेनिन झुरिकच्या वाचनालयात म्हातारा होतो आणि हिटलर म्युनिकमध्ये जलरंगातली चित्रे विकत बसतो. हा धागा त्यांच्याही बाजूचा नाही. मात्र दोन चुकांपैकी पहिली अधिक घातक आहे. ती चूक वाटतच नाही; ती समंजसपणाचे सोंग घेऊन येते.

३/
येथे मांडायचे आहे ते एवढेच. १२ डिसेंबर १९१६ ते ३१ जानेवारी १९१७ या ५० दिवसांत तहाची बोलणी सुरू होऊ शकत होती. ती कोणा अदृश्य ऐतिहासिक शक्तीने अडवली नाहीत. नावानिशी सांगता येतील अशा माणसांनी, तारखेनिशी सांगता येतील अशा निर्णयांनी ती अडवली.

४/
त्या डिसेंबरचे चित्र आधी नीट पाहावे. व्हर्दूनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ७ लाख सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते. सोमची लढाई १८ नोव्हेंबरला थांबली तेव्हा ब्रिटिश साम्राज्याची हानी सुमारे ४ लाख २० हजार आणि फ्रान्सची सुमारे २ लाख होती. आघाडी सरकली होती ती मोजक्या मैलांनी. ब्रुसिलोव्हच्या चढाईने ऑस्ट्रियाचे कंबरडे मोडले, पण रशियाचेही रक्त आटले. ६ डिसेंबरला बुखारेस्ट जर्मनांच्या हाती पडले, आणि त्याच हिवाळ्यात जर्मन शहरांतील माणसे बटाटे नाहीत म्हणून सलगम खाऊन दिवस काढत होती. २१ नोव्हेंबरला वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ वारला. त्याच्या जागी आलेल्या कार्लला युद्धातून बाहेर पडायचे होते. कोणीच जिंकत नव्हते, आणि हे सर्वांना ठाऊक होते.

५/
ठाऊक होते, याला पुरावा आहे. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी लॉर्ड लॅन्सडाउन यांनी ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे एक गोपनीय टिपण ठेवले. हे गृहस्थ कोणी शांततावादी कार्यकर्ते नव्हते. ते १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते (ड्युरँड रेषा त्यांच्याच कारकिर्दीतली), नंतर युद्धमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. त्यांचा धाकटा मुलगा ऑक्टोबर १९१४ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर पडला होता. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले ते साधेच होते: आणखी एक वर्ष लढून आज मिळेल त्याहून चांगला तह मिळणार आहे काय, आणि मिळणार असेल तर त्याची किंमत देशाला झेपणार आहे काय?

६/
या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता आले असते. तसे झाले नाही. सेनाप्रमुख रॉबर्टसन यांनी असा प्रश्न विचारणाऱ्यांना विक्षिप्त आणि भित्र्या लोकांच्या पंगतीत बसवले. लॉइड जॉर्ज यांनी तर सप्टेंबरच्या अखेरीसच एका अमेरिकन पत्रकाराला मुलाखत देऊन जाहीर केले होते की लढाई निर्णायक ठोसा बसेपर्यंत चालेल आणि बाहेरच्यांनी मध्ये पडू नये. मुष्टियुद्धाची ती भाषा वॉशिंग्टनला ऐकू जावी म्हणूनच वापरलेली होती. ७ डिसेंबरला हेच लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले. लॅन्सडाउन नव्या मंत्रिमंडळात नव्हते.

७/
आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी शालेय पुस्तकांत कधीच नसते: पैसा.

८/
ब्रिटन त्या वेळी युद्धावर रोज सुमारे ५० लाख पौंड खर्च करत होते आणि त्यांतले सुमारे २० लाख पौंड उत्तर अमेरिकेत उभे करावे लागत होते. गहू, कापूस, तांबे, तोफगोळे, घोडे. आणि हे केवळ स्वतःसाठी नव्हे, तर फ्रान्स, रशिया आणि इटलीसाठीही. ब्रिटिश अर्थखात्यात तेव्हा जॉन मेनार्ड केन्स नावाचा तरुण अधिकारी हा हिशेब सांभाळत होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्या खात्याने मंत्रिमंडळाला लेखी बजावले की याच गतीने चालल्यास पुढच्या जूनपर्यंत, कदाचित त्याआधीच, अमेरिकेचा अध्यक्ष ब्रिटनला हव्या त्या अटी घालू शकेल. हे वाक्य शत्रूचे नव्हते. ते ब्रिटनच्याच अर्थमंत्र्याच्या सहीने गेले होते.

९/
आणि अध्यक्षाच्या हातातला तो दोर एकदा हलवूनही पाहिला गेला. मॉर्गन बँक ब्रिटन व फ्रान्सचे अल्पमुदतीचे विनातारण रोखे अमेरिकन बँकांना विकण्याच्या बेतात होती. २८ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह मंडळाने बँकांना असल्या रोख्यांपासून सावध राहण्याचा जाहीर इशारा दिला. इशाऱ्याचा मसुदा अधिक कडक करावा, असे खुद्द वुड्रो विल्सन यांनी सुचवले होते. रोख्यांची विक्री रद्द झाली, पौंडावर ताण आला आणि लंडनला सोने ओतून तो सावरावा लागला. एका पत्रकाने हे घडले. एकाही सैनिकाला जागचे हलावे लागले नाही.

१०/
ज्यांना ‘अटळ’ हा शब्द प्रिय आहे त्यांनी या एका तारखेपाशी थांबावे. विजयापर्यंत लढू असे म्हणणारे सरकार उसनवारीवर लढत होते, आणि उसने देणाऱ्याला युद्ध थांबायला हवे होते.

११/
मग थांबले का नाही? येथे दोष लंडनचा एकट्याचा नाही, आणि कथा गुंतागुंतीची होते ती येथेच.

१२/
जर्मन चान्सलर बेथमान-होल्वेग यांनी ऑगस्ट १९१६ मध्येच वॉशिंग्टनमधील आपले राजदूत बर्नस्टॉर्फ यांच्यामार्फत कळवले होते की अध्यक्षांनी मध्यस्थी केल्यास जर्मनी तिचे स्वागत करेल. बेथमान यांचाही थोरला मुलगा १९१४ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला होता. पण विल्सन यांच्यासमोर नोव्हेंबरची निवडणूक होती. युद्धापासून देशाला दूर ठेवणारा अध्यक्ष म्हणून ते मते मागत होते. ते थांबले. ७ नोव्हेंबरला मतदान झाले, निकाल हाती आला, आणि तरीही ते आणखी पाच आठवडे खलित्याच्या शब्दांची जुळवाजुळव करत राहिले. त्यांचे सल्लागार कर्नल हाउस यांची सहानुभूती दोस्त राष्ट्रांकडे होती आणि ते त्यांना दर खेपेस ‘अजून नको’ सांगत होते.

१३/
बर्लिनमध्ये तोवर बेथमान यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. ऑगस्टच्या अखेरीस हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्या हाती सर्वोच्च सेनापतित्व आले होते. आरमाराला निर्बंध झुगारून पाणबुड्या सोडायच्या होत्या. चान्सलरला ते टाळायचे तर तहाचा काही तरी मार्ग दाखवणे भाग होते. विल्सन बोलत नाहीत असे पाहून त्यांनी १२ डिसेंबरला स्वतःच जाहीर प्रस्ताव मांडला.

१४/
तो प्रस्ताव म्हणजे राजनयातील गबाळेपणाचा नमुना होता. सुरुवात आपल्या विजयांच्या फुशारकीने, मध्ये शांततेची इच्छा, आणि अटींच्या जागी शून्य. बुखारेस्ट पडून सहा दिवस झाले होते. पॅरिस आणि लंडनला त्यात जेत्याचा आवाज ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी ब्रियां यांनी फ्रेंच संसदेत त्याला सापळा ठरवले. सहा दिवसांनी, १८ डिसेंबरला, विल्सन यांचा खलिता निघाला. दोन्ही पक्षांनी आपापल्या अटी स्पष्ट सांगाव्यात, एवढेच त्यांनी मागितले होते. पण आता तो बर्लिनच्या सांगण्यावरून लिहिल्यासारखा दिसला. भर म्हणून त्यांनी असेही लिहिले की जाहीर भाषणांपुरते पाहिले तर दोन्ही पक्षांची उद्दिष्टे सारखीच आहेत. दोन वर्षे मुलगे पुरणाऱ्या राष्ट्रांना हे वाचायला दिले, तर ती चवताळणारच.

१५/
यावर कडी केली ती विल्सन यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी. २१ डिसेंबरला रॉबर्ट लॅन्सिंग यांनी वार्ताहरांना सांगितले की अमेरिका स्वतःच युद्धाच्या उंबरठ्याकडे सरकत आहे. फ्रेंच आणि ब्रिटिश राजदूतांना तर त्यांनी खासगीत कडक अटी मांडण्यास उत्तेजन दिले. आपल्याच अध्यक्षाची शिष्टाई आपल्याच मंत्र्याने पाडावी, याला इतिहासाचा ओघ म्हणायचे असेल तर शब्दांना अर्थ उरत नाही.

१६/
२६ डिसेंबरला जर्मनीने उत्तर दिले: युद्धमान राष्ट्रांनी तटस्थ भूमीवर समोरासमोर भेटावे. अटी? त्या भेटीत सांगू. ३० डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी जर्मन प्रस्ताव पोकळ म्हणून फेटाळला आणि १० जानेवारीला विल्सन यांना आपली उद्दिष्टे कळवली. बेल्जियम, सर्बिया, मॉन्टेनेग्रोची पुनःस्थापना, व्याप्त प्रदेशातून माघार, ऑस्ट्रियाच्या अमलाखालील स्लाव, इटालियन, रुमेनियन लोकांची मुक्तता, तुर्कांची युरोपातून हकालपट्टी. अशी यादी युद्ध जिंकल्यावर वाचतात, बोलणी सुरू करताना नव्हे.

१७/
येथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुद्दा आहे बेल्जियमचा. जर्मन सैन्य जवळजवळ सगळ्या बेल्जियममध्ये आणि फ्रान्सच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात बसले होते. त्याच शरद ऋतूत बेल्जियन कामगारांना वेठबिगारीसाठी पकडून नेणे सुरू झाले होते. अशा माणसांची संख्या पुढे सुमारे १ लाख २० हजारांवर गेली. ज्याचे घर शत्रूच्या ताब्यात आहे त्याने ‘आता बोलू या’ कसे म्हणावे? आणि एकदा शस्त्रसंधी झाली, लोक घरी परतले, की त्यांना पुन्हा खंदकांत कोण नेणार? जर्मनी नुसता बसून राहिला असता तरी जिंकला असता.

१८/
मुद्दा खरा आहे. पण तो बोलणी अशक्य होती हे सिद्ध करत नाही. बोलण्यांत पहिले कलम कोणते असायला हवे होते, हे तो दाखवतो.

१९/
जर-तर करणाऱ्यांनी आपले ‘जर’ ठेवायचे ते येथे. ‘लॉइड जॉर्जने हो म्हटले असते तर’ हे निरर्थक आहे. तो हो म्हणणार नव्हता. खरा ‘जर’ असा: विल्सन यांनी १८ डिसेंबरला उद्दिष्टांची गोलमोल विचारणा करण्याऐवजी एकच अट घातली असती, की बेल्जियम पूर्णपणे रिकामा करून त्याला नुकसानभरपाई देण्याचे जर्मनीने आधी मान्य करावे, आणि तसे मान्य झाल्यावरही दोस्त राष्ट्रे टेबलाशी आली नाहीत तर त्यांना उसने मिळणार नाही. दोन्ही दोर एकाच माणसाच्या हातात होते. बर्लिनला अमेरिका शत्रू होण्याची भीती होती, लंडनला अमेरिका सावकार न राहण्याची. विल्सन यांनी एकही दोर ओढला नाही. २२ जानेवारीला सिनेटपुढे विजयाविना शांततेवर त्यांनी भाषण केले. ते अत्यंत सुंदर होते.

२०/
(एक योगायोग. त्याच २२ जानेवारीला झुरिकमध्ये तरुण कामगारांपुढे बोलताना लेनिन यांनी म्हटले की येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आपल्या पिढीला कदाचित पाहायला मिळणार नाहीत. इतिहास अटळ असतो असे मानणाऱ्या पंथाचा सर्वांत मोठा पंडित आठ आठवड्यांपलीकडचे पाहू शकला नव्हता.)

२१/
बर्लिनने बेल्जियम सोडला असता काय? लुडेनडॉर्फने स्वखुशीने नाही. लीज आणि फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर सेनापतींचा डोळा होता. पण ३१ जानेवारीला बर्नस्टॉर्फ यांनी हाउस यांच्या हाती ठेवलेल्या गुप्त अटी वाचण्यासारख्या आहेत: काही हमींसह बेल्जियमची पुनःस्थापना, किरकोळ फेरफार व भरपाईच्या बदल्यात व्याप्त फ्रान्स परत, पूर्वेला रशियाविरुद्ध संरक्षक सीमा, वसाहती परत. अटी कठोर होत्या, अन्याय्यही होत्या. तरीही बाजारात पहिला भाव सांगावा तसा तो पहिला भाव होता, आणि पहिल्या भावावर कोणताही सौदा मोडत नाही. सौदा मोडला तो सोबतच्या दुसऱ्या कागदाने.

२२/
दुसरा कागद ९ जानेवारीला प्लेस येथील लष्करी मुख्यालयात ठरला होता. आरमारप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी कैसरपुढे हिशेब मांडला: दरमहा ६ लाख टन जहाजे बुडवली की पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल. अमेरिकेचे एकही पाऊल युरोपच्या भूमीवर पडणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. बेथमान पोहोचले तेव्हा सगळे आधीच ठरले होते. त्यांनी विरोध सोडला आणि राजीनामाही दिला नाही. जानेवारीच्या अखेरीस बर्नस्टॉर्फ तारा करून विनवत होते की अध्यक्ष मध्यस्थीस तयार आहेत, थोडे थांबा. उत्तर आले की पाणबुड्या निघाल्या आहेत.

२३/
१ फेब्रुवारी १९१७ रोजी निर्बंधमुक्त पाणबुडीयुद्ध सुरू झाले. त्यानंतर ४२ दिवसांनी, १५ मार्चला, रशियाच्या झारने सिंहासन सोडले. होल्ट्झेनडॉर्फ यांचा टनांचा हिशेब चुकला नाही. एप्रिलमध्ये तर ६ लाखांहून बऱ्याच अधिक टनांची जहाजे बुडाली. ब्रिटन मात्र शरण आले नाही, कारण ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली, सावकाराचा मित्र झाला आणि केन्स यांच्या खात्यावर टांगलेली तलवार निघून गेली. १९१८ अखेर फ्रान्समध्ये सुमारे २० लाख अमेरिकन सैनिक होते. जर्मन सेनापती केवळ स्वस्थ बसते, तर वसंतात त्यांच्यापुढे कोसळता रशिया आणि दिवाळखोर ब्रिटन उभा असता. आपल्या हाताने आपली सर्वोत्तम संधी बुडवण्याचे असे उदाहरण अर्वाचीन इतिहासात शोधून सापडणार नाही.

२४/
आता नकाशे रंगवणाऱ्यांकडे. जानेवारी १९१७ चा तह सुंदर नसता. तो बराच ओंगळ असता. पोलंडच्या नावाने ५ नोव्हेंबरला घोषित झालेले बाहुले राज्य कदाचित तसेच राहिले असते. सर्बियाचे लचके तोडले गेले असते. १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांची कत्तल करणारे तुर्क शासक सहीच्या टेबलाशी सन्मानाने बसले असते. बेल्जियमच्या मोबदल्यात आफ्रिकेतील वसाहती या हातातून त्या हातात गेल्या असत्या आणि तिथल्या माणसांना कोणी विचारलेही नसते. लेनिन व हिटलर यांचे पुढे काय झाले असते, हे छातीठोकपणे सांगणारा भविष्य सांगतो, इतिहास नव्हे. एवढे मात्र नक्की, की नंतरच्या आरास, शमँ दे दाम, पासेंडाल, कापोरेत्तो येथे पडलेली माणसे त्या ठिकाणी पडली नसती.

२५/
हिंदुस्थानचा हिशेब अधिक अवघड आहे, आणि मराठी वाचकाने तो टाळू नये.

२६/
विल्सन यांचा खलिता लंडनमध्ये चर्चिला जात होता त्याच आठवड्यात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार होत होता. लोकमान्य टिळक तेथे होते. बेळगावात सुरू झालेली त्यांची होमरूल लीग तेव्हा वर्षाचीही नव्हती, आणि नोव्हेंबरमध्येच मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा जामीनकीचा हुकूम रद्द केला होता. त्यांचे राजकारण या गृहीतावर उभे होते की इंग्रजांना हिंदुस्थानची गरज आहे तोवरच ते ऐकतील. गृहीत बरोबर ठरले. १९१७ मध्ये कापडावरील आयात जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसातवर गेली, मुंबईच्या गिरण्यांना हायसे वाटले आणि लँकेशायर संतापले. २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. युद्ध जानेवारीत मिटले असते तर हे त्या वर्षी घडले असते, असे मानायला आधार नाही.

२७/
म्हणून काही जण निष्कर्ष काढतात की युद्ध लांबले ते हिंदुस्थानच्या पथ्यावर पडले. हा हिशेब जमेची बाजू तेवढी वाचतो. त्याच १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांचा भार ‘देणगी’ म्हणून या देशावर घातला. भरतीचा फास पुढच्या दोन वर्षांत आवळला गेला. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलात युद्धपरिषद भरली. सहकार्याच्या बदल्यात स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघाले. आणि घोषणेपाठोपाठ काय आले? रौलट समिती, मग रौलट कायदा, मग जालियनवाला.

२८/
आणि ज्यांच्या नावावर ही जमा मांडायची, ती माणसे कोठे होती? २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार हिंदी व ब्रिटिश माणसे कैदेत गेली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, म्हणजे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली मुले. वाळवंटातून चालवत नेऊन त्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले गेले. वॉशिंग्टनमध्ये खलित्याचे शब्द जुळवले जात असताना ही माणसे उपासमारीने, तापाने आणि हगवणीने मरत होती. ती सुटली ऑक्टोबर १९१८ च्या तुर्की शस्त्रसंधीनंतर. जी उरली ती.

२९/
मुत्सद्द्यांच्या हिशेबात मेसोपोटेमिया हा बेल्जियमच्या तराजूत टाकायचा एक वजनाचा दगड होता. बसरा ठेवायचे की सोडायचे, हे लखनौत किंवा पुण्यात ठरणार नव्हते. लवकर तह झाला असता तरी नाही, उशिरा झाला तेव्हाही नाही. पण कैदी डिसेंबर १९१८ ऐवजी मार्च १९१७ मध्ये मुंबई बंदराला लागले असते. या फरकाला ‘तपशील’ म्हणण्याचा अधिकार कोणा इतिहासकाराला नाही.

३०/
राहिला प्रश्न ‘अटळ’ या शब्दाचा. तो आला कोठून? बहुतांशी निर्णय घेणाऱ्यांच्याच आठवणींतून. लुडेनडॉर्फ यांनी १९१९ मध्येच आपले पुस्तक छापले. बेथमान यांनी त्यांच्या पाठोपाठ. लॉइड जॉर्ज यांनी १९३० च्या दशकात खंडामागून खंड लिहिले. यांतल्या प्रत्येकाला दुसरा मार्ग नव्हताच असे दाखवणे सोयीचे होते. दुसरा मार्ग होता असे मान्य केले, तर पुढच्या मृतांचा जाब द्यावा लागला असता. लॅन्सडाउन यांनी तोच प्रश्न २९ नोव्हेंबर १९१७ रोजी जाहीर पत्राने पुन्हा विचारला तेव्हा ‘टाइम्स’ने ते छापण्यास नकार दिला, ते ‘डेली टेलिग्राफ’मध्ये आले आणि म्हाताऱ्या व्हाइसरॉयला देशद्रोह्यासारखी वागणूक मिळाली.

३१/
एकदाच असे झाले की जाब अधिकृतपणे मागितला गेला. १९१९ मध्ये जर्मन संसदेने चौकशी समिती नेमली. तिच्या एका उपसमितीचा विषय नेमका हाच होता: १९१६-१७ मधील विल्सन यांची शांततेची शिष्टाई का फसली, आणि ती चालू असताना पाणबुड्या का सोडल्या. बर्नस्टॉर्फ यांची साक्ष झाली, बेथमान यांची झाली. १८ नोव्हेंबर १९१९ रोजी हिंडेनबुर्ग साक्षीला आले, लुडेनडॉर्फ शेजारी. प्रश्न पाणबुड्यांविषयी होता. फील्ड मार्शलनी खिशातून आधीच लिहून आणलेला कागद काढला आणि अध्यक्ष अडवत असतानाही वाचून दाखवला. त्या कागदात लिहिले होते की जर्मन सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला.